श्वासाची वाट आणि पोटाची वाट

शस्त्रक्रियेच्या टेबलावर भुलेचे औषध शिरेतून गेले की रुग्णाचा स्वतःचा श्वास मंदावतो किंवा थांबतो. तिथून श्वासनलिकेत नळी बसेपर्यंतची एक-दोन मिनिटे भूलतज्ज्ञ तोंडानाकावर मास्क घट्ट धरतो आणि पिशवी दाबून त्याला श्वास देत राहतो. दिसायला साधे वाटणारे हे काम अवघड आहे, कारण घशात वाट एकच असते आणि खाली तिला दोन फाटे फुटतात. पुढचा फाटा श्वासनलिकेचा, मागचा अन्ननलिकेचा. पिशवीतून ढकललेली हवा फुफ्फुसातच जाईल याची हमी शरीर देत नाही. ती पोटात गेली तर जठर फुगते, फुगलेल्या जठरातले आम्ल आणि अन्न वर येते, आणि बेशुद्ध माणसाला खोकला नसल्यामुळे ते फुफ्फुसात उतरू शकते. हे टाळण्याचे दोन मार्ग आहेत. एक, पोटाकडे जाणारी वाट बाहेरून दाबून बंद करायची. दुसरा, फुफ्फुसाकडे जाणारी वाट इतकी मोकळी करायची की हवेला जोर लावावाच लागणार नाही. भूलशास्त्राचा इतिहास आपल्याला बहुतेक वेळा पहिल्या मार्गाची गोष्ट सांगतो, १९६१ सालापासून. माझे म्हणणे असे की दुसऱ्या मार्गाचा हक्क मोठा आहे, आणि त्याच्या बाजूचा एक महत्त्वाचा जुना पुरावा ज्या संस्थानात तयार झाला, त्याच संस्थानात बीड जिल्हा १९४८ पर्यंत मोडत होता.

आधी हवा पोटात का जाते ते नीट पाहिले पाहिजे, कारण पुढचा सगळा वाद त्यावर उभा आहे. शेतातल्या पाटाला दोन फाटे असले आणि एक गाळाने अर्धा बुजला, तर पाणी दुसऱ्या फाट्याने जाते. पाटात कितीही जास्त पाणी सोडले तरी बुजलेला फाटा आपोआप साफ होत नाही, उलट दुसऱ्याचा बांध फुटतो. घशात हेच होते. बेशुद्धीत जीभ आणि स्वरयंत्रावरचे झाकण मागे पडते आणि श्वासाची वाट अरुंद होते. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला स्नायूंचा एक वेढा असतो. जागेपणी तो साधारण २० ते २५ सेंटिमीटर पाण्याच्या स्तंभाइतका दाब सहन करून मिटलेला राहतो, पण भुलेत आणि स्नायू शिथिल करणाऱ्या औषधांत तो सैलावतो. आता वाट अडलेली असताना भूलतज्ज्ञाने पिशवी जोरात आणि घाईने दाबली, की घशातला दाब झपाट्याने चढतो आणि हवा मागच्या फाट्याने निघून जाते. तान्ह्या बाळात याचे परिणाम आणखी वाईट होतात. फुगलेले जठर पोट आणि छाती यांच्यामधला पडदा वर ढकलते, लहानशी फुफ्फुसे चेपतात, छाती उचलायला अधिक दाब लागतो, आणि तो जास्तीचा दाब पुन्हा पोटातच जातो. म्हणून शस्त्रक्रियेआधी रुग्णाला उपाशी ठेवले म्हणजे प्रश्न मिटला, असे नाही. रिकाम्या पोटातही हवा मावते आणि ती नुकसान करते.

हे ज्ञान नवे नाही, आणि भुलेपेक्षाही जुने आहे. अठराव्या शतकात युरोपातल्या शहरांत नदीत, कालव्यात बुडालेल्यांना शुद्धीवर आणण्यासाठी संस्था निघाल्या. लंडनची ह्यूमेन सोसायटी १७७४ सालची. लोहाराच्या भात्यासारखा छोटा भाता नाकातोंडात लावून फुफ्फुसात हवा भरायची, ही त्यांची एक मुख्य रीत होती. (त्याच संस्था गुदद्वारातून तंबाखूचा धूरही सोडत, तेव्हा त्यांच्या सगळ्याच कल्पनांचे कौतुक करण्याचे कारण नाही.) भाता हाताळणाऱ्यांच्या लवकरच लक्षात आले की हवा पोटात जाऊन पोट फुगते. १७७६ साली एडिनबरोचे प्राध्यापक विल्यम कलन यांचे या विषयावरचे पत्र छापून आले. त्यात त्यांचे सहकारी अलेक्झांडर मन्रो यांचा उपाय आहे, की स्वरयंत्र बाहेरून मागे, मणक्याकडे दाबावे म्हणजे अन्ननलिका मिटते. त्याच वर्षी लंडनमध्ये जॉन हंटर यांनी रॉयल सोसायटीपुढे मांडलेल्या निबंधात जवळजवळ हीच युक्ती सांगितली. म्हणजे पोटाची वाट दाबून बंद करण्याची कल्पना १९६१ साली ती पुन्हा मांडणाऱ्या ब्रायन सेलिक यांच्या आधी पावणेदोनशे वर्षे छापील स्वरूपात होती, आणि तिचा मूळ हेतू अन्न वर येणे थांबवण्याचा नव्हता, हवा खाली जाणे थांबवण्याचा होता.

मग ती विसरली का गेली? याचे सोपे उत्तर असे दिले जाते की वैद्यक आपलेच जुने शोध गमावते. मला ते पटत नाही. विस्मरणाला कारण होते. १८२० च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये लरॉय देत्योल यांनी प्राण्यांवर प्रयोग करून दाखवले की भात्याने जोरात भरलेली हवा फुफ्फुसे फाडते आणि प्राणी मरतो. भाता बदनाम झाला, ह्यूमेन सोसायटीने तो पुढच्या दशकात सोडला. त्याच्या जागी आल्या त्या छाती दाबण्याच्या आणि हात हलवण्याच्या रीती: १८५६ ची मार्शल हॉल यांची, १८५८ ची सिल्व्हेस्टर यांची, आणि १८७० च्या सुमाराची अमेरिकेतल्या बेंजामिन हॉवर्ड यांची. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. हवा बाहेरून ढकलली जात नाही. छाती चेपून ती बाहेर काढतात आणि छाती उचलली की ती आपोआप आत ओढली जाते. ओढलेली हवा पोटात जात नाही. ज्या धोक्याचे कारणच गेले, त्याच्यावरचा उपाय लोकांच्या हातातून गेला तर त्यात नवल काही नाही. भाता पुन्हा हाती आला तेव्हा तो धोकाही परत आला, आणि तेव्हाच जुना उपायही पुन्हा शोधावा लागला. हा नियम पुढच्या सगळ्या इतिहासात लागू पडतो.

मधल्या शंभर वर्षांत भुलेचे युग सुरू झाले होते, पण ते रुग्णाच्या स्वतःच्या श्वासावर चालणारे युग होते. कापडावर किंवा टोपीत ईथर, क्लोरोफॉर्म टाकायचे आणि रुग्णाने ते आत ओढायचे. क्लोरोफॉर्मखाली झालेला पहिला नोंदलेला मृत्यू १८४८ च्या २८ जानेवारीचा, इंग्लंडच्या उत्तरेत, हॅना ग्रीनर या पंधरा वर्षांच्या मुलीचा; पायाच्या बोटाचे नख काढायचे होते. ती कोसळल्यावर तिच्या तोंडात पाणी आणि ब्रँडी ओतली गेली होती. क्लोरोफॉर्म भुलेच्या वापरात आणणारे जेम्स सिम्पसन म्हणाले, मुलगी त्या पाण्या-ब्रँडीने गुदमरली. जॉन स्नो म्हणाले, क्लोरोफॉर्मची मात्रा एकदम जास्त झाली आणि हृदय थांबले. भुलेत माणूस घशातून मरतो की हृदयातून, हा वाद पुढची साठ वर्षे चालला, आणि त्याचा सर्वांत खर्चिक अध्याय निजामाच्या हैदराबादेत लिहिला गेला.

त्या वेळी बीड हा हैदराबाद संस्थानाचा मराठी मुलूख. अंबाजोगाईचे सरकारी नाव मोमिनाबाद आणि तिथे हैदराबाद कंटिन्जन्टच्या घोडदळाची छावणी. संस्थानातल्या दवाखान्यांना डॉक्टर पुरवणारी शाळा म्हणजे हैदराबादचे मेडिकल स्कूल, आणि त्याचे प्रमुख व रेसिडेन्सी सर्जन एडवर्ड लॉरी. लॉरी एडिनबरोत जेम्स साइम यांच्या हाताखाली शिकले होते. साइम यांची शिकवण एका ओळीची होती: क्लोरोफॉर्म देताना नाडीकडे नाही, श्वासाकडे पाहा. हे सिद्ध करण्यासाठी लॉरींनी १८८८ साली पहिली चौकशी नेमली. इंग्लंडच्या ‘लॅन्सेट’ने तिच्यावर विश्वास ठेवला नाही, तेव्हा निजाम मीर महबूब अली खान यांच्या सरकारने हजार पौंड देऊ करून ‘लॅन्सेट’लाच आपला माणूस पाठवायला सांगितले. थॉमस लॉडर ब्रंटन १८८९ च्या अखेरीस हैदराबादेत आले आणि दुसऱ्या आयोगाने कुत्री, माकडे धरून चारशेहून अधिक प्राण्यांवर प्रयोग केले. लॉरींच्या विद्यार्थिनी रूपाबाई फर्दूनजी याही या कामाशी जोडल्या गेल्या होत्या. पुढे त्या भूल देण्याचे काम करत राहिल्या आणि जगातल्या पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञांत त्यांचे नाव घेतले जाते. मराठवाड्यातल्या कुठल्या दवाखान्यात नेमके काय घडत होते हा इथे मुद्दा नाही. मुद्दा असा की या मुलखाच्या सरकारी वैद्यकाचा भुलेबाबतचा अधिकृत सिद्धांत हैदराबादेत ठरला, आणि तो लेखी आहे.

त्या सिद्धांताचा व्यवहारी भाग मला त्याच्या मुख्य दाव्यापेक्षा फार मोलाचा वाटतो. आयोगाच्या शिफारशींचा सारांश असा: रुग्ण आडवा असावा, छाती-पोटावर श्वासाला अडथळा करणारे काही नसावे, देणाऱ्याने सतत श्वासावर लक्ष ठेवावे, श्वास अडखळला तर खालचा जबडा ओढून, किंवा त्याच्या दोन्ही कोनांमागून ढकलून, इतका पुढे आणावा की खालचे दात वरच्या दातांच्या पुढे येतील, म्हणजे स्वरयंत्रावरचे झाकण उचलले जाते. श्वास थांबलाच तर मदतनीसाने डोके खाली करून चिमट्याने जीभ बाहेर ओढावी आणि हॉवर्डच्या रीतीने छाती दाबून कृत्रिम श्वास सुरू करावा. जबडा पुढे ढकलण्याची युक्ती आयोगाने शोधलेली नव्हती. नॉर्वेच्या याकोब हायबर्ग यांनी ती १८७४ साली मांडली होती आणि जर्मनीतल्या एस्मार्च यांच्या नावानेही ती ओळखली जाते. पण एका संस्थानाच्या खर्चाने झालेल्या चौकशीने तिला नियमाच्या दर्जाला नेले. या सगळ्या यादीत पोटात हवा जाण्याची चिंता कुठेही नाही. आणि नसणेच बरोबर आहे: हॉवर्डच्या रीतीत हवा ढकललीच जात नव्हती, तर जठर फुगणार कशाने? तरीही आज मास्कने श्वास देणारा भूलतज्ज्ञ पोटात हवा जाऊ नये म्हणून जे पहिले काम करतो ते हेच, जबड्याच्या कोनांमागे बोटे घालून जबडा वर उचलतो. ज्यांना पोटाची काळजी करण्याचे कारण नव्हते त्यांनी पोट वाचवण्याचा सर्वोत्तम उपाय लिहून ठेवला, तो श्वासाची वाट मोकळी करण्याच्या हेतूने.

यावर आक्षेप ठरलेला आहे. हैदराबादचा आयोग चुकला होता. क्लोरोफॉर्मने श्वास नेहमी हृदयाच्या आधी थांबतो, हा त्याचा मुख्य निष्कर्ष ए. जी. लेव्ही यांनी १९११ साली मोडून काढला: हलक्या क्लोरोफॉर्ममध्ये, विशेषतः शरीरात ॲड्रेनलिन उसळलेले असताना, हृदयाची लय बिघडून ते एकाएकी थांबू शकते, श्वास चालू असतानाच. म्हणजे नाडीकडे पाहू नका हा सल्ला धोक्याचा होता आणि त्याने माणसे गेली असणार. हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो. ब्रिटनमध्ये ग्लासगोच्या समितीने १८८० सालीच हृदयाकडे बोट दाखवले होते, आणि लॉरींनी ते ज्या हट्टाने नाकारले त्याचे समर्थन करता येत नाही. पण एका कागदावरचे सगळे म्हणणे एकाच पुराव्यावर टेकलेले नसते. हृदयाबाबतचा दावा प्राण्यांच्या प्रयोगांवर उभा होता, आणि त्या प्रयोगांत क्लोरोफॉर्म फार जोरात, फार वेळ दिले गेले होते; म्हणून हलक्या मात्रेतला हृदयाचा धोका दिसलाच नाही. जबड्याचा नियम रोजच्या शस्त्रक्रियागृहातल्या अनुभवातून आलेला होता, आणि त्याला लेव्हींच्या मांजरांवरच्या प्रयोगांनी धक्का लावला नाही. उलट १९५० च्या दशकात तो पुन्हा, आणि अधिक कसोशीने, सिद्ध झाला.

हे सिद्ध होण्याचे कारण म्हणजे भाता परत आला होता. १९४२ साली मॉन्ट्रियलमध्ये हॅरोल्ड ग्रिफिथ यांनी भुलेत क्युरारे वापरले आणि स्नायू पूर्ण सैल करणे शक्य झाले. त्याबरोबर रुग्णाचा स्वतःचा श्वासही गेला आणि तो भूलतज्ज्ञाच्या हातात आला. १९४६ साली न्यूयॉर्कच्या कर्टिस मेंडेलसन यांनी ४४,०१६ गरोदर स्त्रियांच्या नोंदींतून भुलेत पोटातले फुफ्फुसात गेल्याची ६६ प्रकरणे मांडली आणि पोटाची भीती प्रसूतिगृहात कायमची बसली. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ आली. ब्यॉर्न इब्सेन यांच्या सल्ल्याने गळ्यात छिद्र करून बसवलेल्या नळ्यांतून शेकडो वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून हातांनी पिशव्या दाबल्या. ती हवा गळ्यातल्या नळीतून थेट श्वासनलिकेत जात होती, त्यामुळे पोटाचा प्रश्न तिथे नव्हता. पण हाताने ढकललेला श्वास माणसाला दिवसेंदिवस जगवू शकतो हे तिथे ठरले. त्याच डेन्मार्कमध्ये हेनिंग रुबेन यांनी १९५६ साली आपोआप फुगणारी पिशवी बाजारात आणली, जिला आज गावोगावच्या दवाखान्यात अंबू बॅग म्हणतात. आणि बाल्टिमोरमध्ये पीटर साफार यांनी क्युरारे देऊन निश्चल केलेल्या स्वयंसेवकांवर दाखवले की छाती दाबण्याच्या जुन्या रीतींनी फुफ्फुसात फारशी हवा जातच नाही, कारण बेशुद्धाचा घसा बंद असतो. डोके मागे झुकवून जबडा पुढे आणला की तोंडाने फुंकलेली हवा सहज जाते. म्हणजे हॉवर्डची रीत मेली, पण त्याच शिफारशीतला जबडा जिवंत राहिला.

१९६१ हे वर्ष मला या इतिहासाचे खरे वळण वाटते, कारण त्या एका वर्षात दोन निबंध निघाले आणि दोन्ही मार्ग समोरासमोर आले. लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयातले ब्रायन सेलिक यांनी ‘लॅन्सेट’मध्ये २६ धोक्याच्या रुग्णांचा अनुभव लिहिला: भूल चढत असताना घाटीच्या खालची क्रिकॉइड कूर्चा, जी अंगठीसारखी पूर्ण गोल असते, ती मदतनीसाने मागे मणक्यावर दाबून धरायची म्हणजे अन्ननलिका मिटते. तीन रुग्णांत नळी बसल्यावर दाब सोडताच पोटातले वर आले. सेलिक यांचा मुख्य हेतू अन्न वर येऊ न देण्याचा होता, पण याच दाबाने मास्कमधून श्वास देताना पोट फुगत नाही हेही त्यांनी नोंदवले. दुसरा निबंध रुबेन आणि सहकाऱ्यांचा. त्यांनी विचारले, घशातला दाब किती झाला म्हणजे हवा पोटात जाऊ लागते? उत्तर असे की साधारण १५ सेंटिमीटर पाण्याच्या दाबापर्यंत बहुधा जात नाही, आणि २० ते २५ च्या पुढे बहुतेकांच्या पोटात जाते. एका निबंधाने हात गळ्यावर ठेवला, दुसऱ्याने दाबमापकाच्या काट्यावर नजर ठेवली.

पुढची पन्नास वर्षे गाजले ते सेलिक. याचे कारण समजण्यासारखे आहे. गळ्यावर बोटे दाबणे ही दिसणारी, शिकवता येणारी, कागदावर ‘केले’ म्हणून नोंदवता येणारी कृती आहे. हलक्या हाताने, सावकाश पिशवी दाबणे ही न दिसणारी आहे. एखाद्या प्रसूतीत काही विपरीत घडले तर चौकशीत पहिला प्रश्न क्रिकॉइड दाबले होते का हा येतो, श्वासाचा दाब किती ठेवला होता हा येत नाही. पण पुरावा पाहिला तर? सेलिक यांच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा १९७४ सालचा आहे: एम. आर. सालेम आणि सहकाऱ्यांनी मुलांमध्ये दाखवले की क्रिकॉइड दाबल्यास, श्वासाचा दाब बराच वाढवला तरी हवा पोटात जात नाही. हे खरे आहे आणि ते मी खोडून काढत नाही. कलन-मन्रो-हंटर यांची जुनी युक्ती तिथे बरोबर ठरली. अडचण दुसरीकडे आहे. रुग्ण जागा आहे की बेशुद्ध त्याप्रमाणे क्रिकॉइडवर १० ते ३० न्यूटन बळ लावायला सांगतात. ३० न्यूटन म्हणजे सुमारे तीन किलोचे वजन, आणि तेवढेच बळ प्रत्येक हात लावतो असे नाही. जास्त दाबले किंवा तिरके दाबले तर श्वासाचीच वाट चेपते, छातीत जाणारी हवा कमी होते आणि तेवढीच हवा घालायला अधिक दाब लागतो. म्हणजे पोटाची वाट बंद करण्याच्या नादात आपण फुफ्फुसाची वाट अरुंद केली. २००३ सालच्या एमआरआय तपासणीत असेही दिसले की बहुतेकांत दाबल्यावर अन्ननलिका मिटण्याऐवजी बाजूला सरकते. २००९ साली दुसऱ्या एका एमआरआय अभ्यासाने उत्तर दिले, की क्रिकॉइडच्या मागे मुळात अन्ननलिका नसतेच, घशाचा खालचा भाग असतो आणि तो मात्र दबतो. या उत्तराने सेलिक यांची बाजू काहीशी सावरली.

रुग्ण वाचतात का, हा शेवटचा प्रश्न. फ्रान्समध्ये ३,४७२ रुग्णांवर झालेली चाचणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. अर्ध्यांच्या गळ्यावर खरोखर दाब दिला, अर्ध्यांवर फक्त दाबल्याचा आव आणला. पोटातले फुफ्फुसात गेल्याचे प्रमाण खरा दाब दिलेल्या गटात ०.६ टक्के, दुसऱ्यात ०.५ टक्के, आणि खरा दाब दिलेल्यांत नळी घालणे अधिक अवघड गेले. चाचणीच्या आखणीनुसार ‘आव’ हा ‘खऱ्या’पेक्षा कमी नाही असे सिद्ध करता आले नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे, क्रिकॉइड निरुपयोगी आहे असा तिचा अर्थ होत नाही. पण हा उपाय सहा दशके ज्या अढळ विश्वासाने पाळला गेला, त्या विश्वासाला तिथे आधार मिळत नाही. रुबेन यांच्या वाटेवरचे पुरावे मात्र दर वेळी एकाच दिशेला जातात. २०१४ साली लियॉनच्या बुवे आणि सहकाऱ्यांनी मास्कचा दाब १०, १५, २० आणि २५ सेंटिमीटर ठेवून रुग्णांच्या जठराची सोनोग्राफी केली. दाबाबरोबर पोटातली हवा वाढत गेली. १५ हा आकडा पुरेसा श्वास आणि कमीत कमी हवा यांचा सर्वांत बरा मेळ ठरला. आणि पोटावर स्टेथोस्कोप ठेवून ऐकू न येणारी हवाही सोनोग्राफीत दिसली, म्हणजे ‘गुडगुड ऐकू आली नाही’ यावर विसंबणे बरोबर नाही. त्याआधी २०१० साली अमेरिकेत जोफी आणि सहकाऱ्यांनी एका हाताने मास्क धरणे आणि दोन्ही हातांनी जबड्याच्या कोनांमागून तो पुढे आणणे यांची तुलना केली. यंत्राचा दाब तोच ठेवला, तर दोन हातांच्या पकडीत छातीत जास्त हवा गेली. हैदराबादच्या शिफारशीतली हीच ती पकड. दाब न वाढवता श्वास मोठा होतो, म्हणजे पोटाकडे ढकलणारा जोर कमी होतो. याहून थेट पुरावा मागायचा तर कोणता?

आता कोणी म्हणेल की हा वाद जुना झाला. आता श्वासनलिकेत फुगवून बसवायच्या फुग्याची (कफची) नळी आहे, १९८० च्या दशकात आर्ची ब्रेन यांनी आणलेला, घशात स्वरयंत्रावर बसणारा लॅरिन्जियल मास्क आहे. तोंडावरच्या मास्कची चर्चा कशाला? या आक्षेपाला उत्तर बीड जिल्ह्यातच आहे. अंबाजोगाईत १९७४ साली स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाने वैद्यकीय महाविद्यालय निघाले. हैदराबाद मुक्तिलढ्याचे हे नेते एके काळी याच गावी योगेश्वरी विद्यालयात शिकवत होते. आशियातले पहिले ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय म्हणून ते ओळखले जाते. असे रुग्णालय ज्या मुलखासाठी असते तिथे रुग्ण ठरवून, बारा तास उपाशी राहून येत नाही. ऊसतोडीच्या कोप्यांवर राहणारी गरोदर बाई कळा सुरू झाल्यावर येते, भाकरी खाऊन. आणि कळा सुरू झाल्या की जठर रिकामे होण्याची गतीच मंदावते. तिचे सिझेरियन बहुतेक वेळा पाठीत सुई देऊन होते. पण झटके आले असतील, फार रक्त गेले असेल, तर पूर्ण भूलच द्यावी लागते. नळी पहिल्या प्रयत्नात बसली तर ठीक. बसली नाही तर मधल्या वेळेत प्राणवायू देण्याचे पहिले साधन तोंडावरचा मास्कच. तान्ह्या बाळांचेही तेच. त्यांना श्वास न देता दोन मिनिटेही थांबता येत नाही. लॅरिन्जियल मास्कही पोट पूर्ण बंद करत नाही; त्याच्या कडेचा बंद साधारण २० सेंटिमीटर दाबाला सैल पडतो आणि हवा निसटते. नळीपर्यंत पोहोचण्याची वाट आजही मास्कमधून जाते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: हाताच्या कसबावर भरवसा ठेवणे म्हणजे गरीब जिल्ह्याला नशिबावर सोडणे; क्रिकॉइड दाबणे निदान कोणालाही सांगता येते, आणि यंत्राला दाबाची मर्यादा घालता येते. यंत्राबद्दल मी सहमत आहे. दाबाची मर्यादा १५ वर लावता येणारे भुलेचे यंत्र असेल तर ते वापरावेच. ते रुबेन यांचेच म्हणणे धातूत उतरवते. पण हात शिकवता येत नाही, हे खरे नाही, आणि त्याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्या आरोग्यदूत स्त्रियांना, ज्यांच्यापैकी अनेकींचे शिक्षण जेमतेम शाळेपुरते होते, घरच्या बाळंतपणात न रडलेल्या बाळाला श्वास द्यायला शिकवले. आधी सुइणी तोंडाने श्वास देत; आरोग्यदूतांनी तो नळी-मास्कने आणि १९९९ पासून पिशवी-मास्कने दिला. गुदमरलेल्या बाळांचे मृत्यू कमी झाले आणि पिशवी-मास्कचा निकाल सर्वांत चांगला आला. नवजात बाळाच्या पिशवीला ठराविक दाबाला उघडणारी झडप असते, हे त्यात महत्त्वाचे. पण झडप मास्क बसवत नाही, मान सरळ ठेवत नाही, जबडा धरत नाही. ते त्या बायकांच्या बोटांनी केले. भूल देणे आणि बाळाला श्वास देणे ही दोन कामे एक नव्हेत, औषधे आणि जबाबदारी वेगळी आहे. पण मास्कखालची हवा दोन्हीकडे त्याच दोन फाट्यांपुढे येते.

या सगळ्यातली शेवटची मोठी उलथापालथ गेल्या काही वर्षांतली आहे. १९७० साली स्टेप्ट आणि साफार यांनी भरल्या पोटाच्या रुग्णाला झटपट भूल देऊन नळी घालण्याची क्रमवार रीत लिहिली. तिचा एक कडक नियम असा की औषध दिल्यापासून नळी बसेपर्यंत मास्कने श्वास द्यायचाच नाही, पोट फुगेल म्हणून. ज्या साफार यांनी जबड्याचे महत्त्व सिद्ध केले त्यांच्याच नावाने श्वास न देण्याचा नियम रुळावा, हे जरा विचित्रच. २०१५ साली ब्रिटनच्या डिफिकल्ट एअरवे सोसायटीने आपल्या मार्गदर्शक तत्त्वांत या रुग्णांनाही हलक्या दाबाने मास्कमधून श्वास देण्याची मुभा दिली, आणि श्वास नीट जात नसेल तर क्रिकॉइडवरचा दाब सैल करायला सांगितले. २०१९ साली अमेरिकेतल्या अतिदक्षता विभागांत ४०१ गंभीर रुग्णांवर झालेल्या चाचणीत मास्कने श्वास दिलेल्यांचा रक्तातला प्राणवायू कमी घसरला. एका गटाचा नीचांक मध्यमतः ९६ टक्के, तर श्वास न दिलेल्या गटाचा ९३. पोटातले फुफ्फुसात गेल्याची नोंद श्वास दिलेल्या गटात २.५ टक्के, न दिलेल्या गटात ४ टक्के. फरक लहान आहे आणि योगायोगाचा असू शकतो, पण श्वास दिल्याने धोका वाढतो अशी जी पन्नास वर्षांची धास्ती होती तिला तिथे आधार सापडला नाही.